तिकडे म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं ना?

सांगलीहून मावशीचा फोन आला की गाडी शेवटी इथेच येऊन थांबते. "तुमच्याकडे बरं आहे बाई, म्हाताऱ्यांचं सगळं सरकार बघतं." पूर्वी मी हो ला हो म्हणून मोकळी व्हायचे. हल्ली म्हणवत नाही, आणि त्याला कारण आमच्या शेजारच्या बाई. (समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच ती. लिहिताना मात्र हात धजत नाही.)

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या गल्लीत घरं जोडून आहेत, मधली भिंत सामाईक. बाई ७९ वर्षांच्या, यजमान ८३ चे, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर एक छोटी डबी बसली. आकडे जुळवले की उघडते, आत घराची किल्ली. इथे दाराशी अशी डबी दिसली की ओळखायचं, या घरात केअरर, म्हणजे देखभाल करणारी पगारी बाई, येते. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. आंघोळ, कपडे, गोळ्या, मग ओट्यावरच्या वहीत "नाश्ता अर्धाच खाल्ला, मूड चांगला" अशी नोंद, की निघाली पुढच्या घरी. उरलेले तेवीस तास बाईंचे.

यजमानांना कॅन्सर झाला असता तर ऑपरेशनपासून केमोपर्यंत एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, एक पेनी मागितली नसती. पण डिमेन्शियात औषधापेक्षा माणूस लागतो, आणि माणूस लागला की ती 'केअर' होते. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली, उपचार फुकट झाले. त्याच दिवशी म्हाताऱ्यांची देखभाल वेगळ्या कायद्याने काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, गळ्यात पडली, आणि काउन्सिल आधी तुमची ऐपत बघतं. इंग्लंडमध्ये शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च तुमचा तुम्ही करायचा. हा आकडा २०१० पासून तसूभर हललेला नाही, भाव कुठच्या कुठे गेले तरी. कायमचं केअर होममध्ये, म्हणजे देखभालीची सोय असलेल्या वृद्धाश्रमात, जावं लागलं तर राहतं घरही हिशेबात येतं. जोडीदार त्या घरात राहत असेल तर तेवढं वगळतात.

ही ऐपत मोजायला काउन्सिलची मुलगी आली तेव्हा बाईंनी मला सोबत बसवलं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून बँकेचे कागद निघाले. खातं दोघांच्या नावावर, म्हणजे निम्मे पैसे यजमानांचे धरायचे, असा नियम. बाईंनी शांतपणे विचारलं, "निम्मे म्हणजे कुठले निम्मे?" त्या मुलीकडे उत्तर नव्हतं. तिचा काय दोष!

मग विषय निघाला केअरर्स अलाउन्सचा. घरच्या माणसाची आठवड्याला निदान ३५ तास सेवा करणाऱ्याला सरकार हा भत्ता देतं, २०२५-२६ मध्ये तो आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्स होता. बाई तर रात्रीतून तीनदा उठतात. पण त्यांना सरकारी पेन्शन मिळतं, ते या रकमेपेक्षा जास्त, म्हणून अलाउन्स हातात शून्य. त्यांच्या मुलीने अर्ज करावा तर ती दुकानात अर्धवेळ काम करते. आठवड्याची निव्वळ कमाई ठरलेल्या रेघेच्या (२०२५-२६ मध्ये १९६ पौंड) वर एक पौंडही गेली तर अलाउन्स थोडा कमी होत नाही, पूर्ण जातो. ही रेघ नकळत ओलांडलेल्या हजारो लोकांकडून सरकारने नंतर वसुली केली. आजारी माणसाचे लंगोट बदलणाऱ्यांच्या मागे वसुली लावायची!

हे कुणाला कळत नाही असं नाही. २०११ मध्ये अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने सांगितलं की माणसाच्या आयुष्यभराच्या केअर खर्चाला कमाल मर्यादा घाला, ३५,००० पौंडांच्या आसपास, त्यापुढचा खर्च सरकारचा. २०१४ मध्ये कायदा झाला, मर्यादा ७२,००० ठरली, आणि लांबणीवर पडली. २०२१ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी नवा आकडा काढला, ८६,०००. त्यासाठी एप्रिल २०२२ पासून माझ्या पगारातून सव्वा टक्का जादा कापलाही गेला, नोव्हेंबरमध्ये ते थांबलं. मर्यादा आधी पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्दच केली. बोलाचीच कढी. आता याच प्रश्नावर लुईस केसी यांचा आयोग बसलाय, त्याचा शेवटचा अहवाल २०२८ पर्यंत येणार. तिकडे स्कॉटलंडमध्ये ६५ च्या वरच्यांना आंघोळ-कपड्यांची मदत २००२ पासून मोफत आहे. केअर होमच्या बिलातला राहण्या-जेवणाचा भाग तिथेही ऐपतीप्रमाणेच.

दरम्यान गाडा ओढतंय कोण? बाईंची सकाळची केअरर केरळातल्या कोट्टायमची आहे. २०२२ मध्ये माणसं मिळेनात म्हणून परदेशी केअररना व्हिसा खुला केला, मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना नवरा-मुलं आणायची बंदी झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवी भरतीच बंद. सांगली-मिरजेकडे अजून कुणी एजंट 'केअर व्हिसा'चे लाखो रुपये मागत असेल तर चहाही न घेता उठा.

मावशीचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मग बाबांना तिकडेच का नेत नाहीस?" २०१२ पासून आई-वडिलांना इथे आणायचा नियम असा की रोजच्या कामांना बाबांना दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे, आणि तो हात आम्ही पैसे मोजूनही भारतात मिळता कामा नये. बाबांकडे दिवसभराची बाई आहे. म्हणजे मी पैसे पाठवते म्हणूनच ते इथे येऊ शकत नाहीत.

गेल्या शनिवारी बाई केस कापायला गेल्या, तासभर मी यजमानांपाशी बसले. त्यांनी मला दोनदा विचारलं की मी बसने आले का. बाई परतल्यावर मी निघाले, तर म्हणाल्या, "वहीत लिहून ठेव, नाहीतर संध्याकाळची केअरर पुन्हा चहा देईल."

मी लिहिलं : ३.२० वाजता चहा, दोन बिस्किटं. मूडच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, तो बाईंनी भरला.