कामावर लागलं, तर घरी लागलं म्हणू नका

इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमच्या शेजारच्या वहिनी एका किराणा दुकानात काम करतात. 40 पौंडांची तांदळाची पिशवी उचलताना त्यांच्या पाठीत अशी कळ आली की खालीच बसल्या. मॅनेजर म्हणाला, "नवऱ्याच्या विम्यावर दाखवून घ्या, घरी लागलं म्हणून सांगा." आणि वहिनी तयारही झाल्या होत्या! "अहो, आपण व्हिसावर आलेली माणसं, कोर्टकचेरी कशाला?"

ही भीती आपल्या बऱ्याच लोकांच्या मनात असते, म्हणून हे लिहितोय. कॅलिफोर्नियात कामावर दुखापत झाली तर चूक कोणाची हे बघत नाहीत, आणि व्हिसा कोणता हेही नाही. मालकावर सहसा वेगळा खटला भरता येत नाही, पण त्या बदल्यात उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा साधारण दोनतृतीयांश भाग मालकाच्या विमा कंपनीने द्यायचा असतो. दुखापत 30 दिवसांच्या आत लेखी कळवायची. कळल्यावर मालकाने कामाच्या एका दिवसात डीडब्ल्यूसी-1 हा भरपाईच्या दाव्याचा अर्ज द्यायचा असतो. तो भरून दिला की दाव्याचा निर्णय होईपर्यंत 10,000 डॉलरपर्यंतचे उपचार सुरू राहतात.

डॉक्टरने पहिल्या भेटीत "कसं लागलं?" विचारलं तेव्हा वहिनींनी खरं तेच सांगितलं. तिथे "घरी" असं लिहिलं गेलं असतं, तर पुढे ते खोडून काढताना वकिलाच्याही नाकी नऊ आले असते.

वकिलाच्या फीची धास्ती होतीच, कारण इथले वकील तासाला शेकडो डॉलर घेतात. या दाव्यांत मात्र आधी खिशातून काही द्यावं लागत नाही. जी भरपाई मिळेल तिच्यातून फी कापतात, बहुतेक वेळा 15 टक्क्यांपर्यंत, आणि तीही न्यायाधीशाने मंजूर केल्यावरच.

वकिलाचा खरा उपयोग कळला तो विमा कंपनीचा फोन आल्यावर. "एकरकमी घ्या आणि प्रकरण मिटवा." आकडा ऐकून दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, हरखले होते. वहिनींच्या वकीलबाईंनी समोर बसवून समजावलं: अशी तडजोड केली की पाठीच्या पुढच्या उपचारांचा खर्च बहुतेक तुमच्याच गळ्यात. दुसरा मार्ग आहे. त्यात कायमच्या अपंगत्वाचे पैसे दर दोन आठवड्यांनी येतात आणि त्या दुखापतीचे उपचार पुढेही चालू राहतात. वहिनी अजून चाळिशीत आहेत, उद्या शस्त्रक्रिया निघाली तर? मला विचाराल तर, हा हिशेब समजून घेतल्याशिवाय कोणीही सही करू नये. वकील नको असेल, तर ओकलंड आणि सॅन होजेच्या सरकारी कार्यालयांत माहिती अधिकारी फुकट मदत करतात.

वहिनींनी अजून सही केलेली नाही. आधी स्वतंत्र डॉक्टरची तपासणी व्हायची आहे. तिथे विमा कंपनीच्या खर्चाने दुभाषा मिळतो, आणि वकीलबाईंनी मराठीच दुभाषा मागितला आहे.