यंत्राविना लाटे आर्ट

कॉफीवर दुधाने नक्षी काढायची तर महागडे एस्प्रेसो यंत्र हवेच, असा समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील सिएटलमध्ये कॉफी-व्यावसायिक डेव्हिड शोमर यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ही कला नावारूपाला आणली, ती यंत्राच्या वाफेवर फेसाळलेल्या दुधाच्या बळावरच. तरीही एक नीटस हृदय उमटवायला मोका पॉट (आचेवर वाफेच्या दाबाने कॉफी काढणारे भांडे), फ्रेंच प्रेस (जाळीचा दट्ट्या असलेले कॉफीचे भांडे) आणि चोचीचे एक लहान भांडे पुरते, असे मी रोजच्या सरावावरून खात्रीने सांगू शकते. पहिल्यांदा करणारा बहुतेक वेळा मनगटाच्या हालचालीवर सारे लक्ष देतो. खरे तर नक्षी जमणार की फिसकटणार, हे दूध ओतण्यापूर्वीच ठरलेले असते.

फेस टिकतो तो दुधातील प्रथिनांमुळे. हवेचे बुडबुडे दुधात शिरले की ही प्रथिने त्यांच्याभोवती पातळ आवरण धरतात. स्निग्धांशामुळे फेसाला मऊपणा आणि चव येते. परंतु त्याचे प्रमाण फार वाढले तर फेस जड होतो. म्हणून चहासाठी म्हशीचे दाट दूध कितीही आवडत असले, तरी या कामाला मी साधारण ३.५ टक्के स्निग्धांशाचे, होमोजिनाइज केलेले, म्हणजे स्निग्धांश बारीक करून एकजीव केलेले, गाईचे दूध घेते. आपल्याकडे पिशवी फोडली की दूध उकळून ठेवण्याचा रिवाज आहे. तसे दूध गार होताना त्यावर साय धरते, तिचे तुकडे फेसात अडकतात आणि नक्षीची कड फाटते. पाश्चराइज्ड दूध डेअरीतच सुमारे ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलेले असते. त्यामुळे नीट थंड राखलेल्या, मुदतीतल्या पिशवीतले दूध कॉफीपुरते न उकळता वापरायला मला हरकत वाटत नाही.

कॉफी आधी तयार ठेवावी, कारण फेसाळलेले दूध थांबत नाही. मोका पॉटमधील दाब जेमतेम एक-दोन बार (बार हे दाबाचे एकक) असतो, तर एस्प्रेसोसाठी सुमारे ९ बार लागतो. म्हणून मोका पॉटच्या कॉफीवर तो दाट तपकिरी थर, म्हणजे क्रेमा, फारसा येत नाही. कॉफी कडक ठेवून तिच्यावर चिमूटभर कोको पावडर गाळणीने भुरभुरली की पांढऱ्या नक्षीला गडद पार्श्वभूमी मिळते.

आता दूध मंद आचेवर सुमारे ६० अंशांपर्यंत तापवावे. तापमापक नसेल, तर भांड्याला लावलेला तळवा क्षणभराच्या वर टिकेनासा झाला की आच बंद करावी. ७० अंशांच्या पुढे दुधाला शिजल्याचा वास येऊ लागतो आणि त्याचा मूळचा गोडवा हरवतो. फ्रेंच प्रेस एक तृतीयांशाहून अधिक भरू नये. सुरुवातीला दट्ट्या दुधाच्या पृष्ठभागाशी थोडा वेळ भराभर हलवावा, म्हणजे हवा आत शिरते. मग तो दुधात बुडालेलाच ठेवून वर-खाली करावा, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. दूध पाव पटीने वाढले की हात थांबवावा, कारण दुप्पट फुगलेला फेस चमच्याने खायला छान असला तरी चोचीतून वाहत नाही. दूध चोचीच्या भांड्यात काढून ते ओट्यावर एक-दोनदा आपटावे आणि पृष्ठभाग ओल्या तैलरंगासारखा तकाकेपर्यंत गोल फिरवत राहावे. ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: येथे फिरवणे थांबले की फेस वर आणि दूध खाली असे वेगळे होते, आणि मग कपात आधी नुसते दूध पडून शेवटी फेसाचा गोळा येतो.

ओतताना कप किंचित तिरपा धरावा. चार बोटांच्या उंचीवरून पडणारी बारीक धार वेगामुळे कॉफीच्या तळाशी जाते आणि वरचा रंग तपकिरीच राहतो. कप अर्ध्याहून अधिक भरला की भांड्याची चोच कॉफीला जवळजवळ टेकवावी आणि धार वाढवावी. आता हलका फेस बुडत नाही, वरच पसरतो आणि मध्यभागी पांढरे वर्तुळ उमलते. त्या क्षणी हात हलवण्याचा मोह टाळून कप हळूहळू सरळ करावा. कप काठोकाठ आला की भांडे उचलून बारीक धार त्या वर्तुळातून आपल्यापासून दूर, समोरच्या कडेकडे न्यावी. अलीकडची बाजू आत ओढली जाऊन खाच पडते, पलीकडे टोक येते आणि हृदयाचा आकार तयार होतो.

पानाच्या आकाराच्या रोझेटासाठी याहून बारीक पोताचे दूध लागते आणि फ्रेंच प्रेसमध्ये ते क्वचितच साधते. त्यामुळे हृदय भरवशाने येऊ लागेपर्यंत तिकडे वळू नये, असे माझे मत आहे. सरावासाठी दूध वाया घालवण्याचीही गरज नाही. गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ते प्रेसमध्ये फेसाळले तर जवळपास तसाच बारीक फेस येतो आणि ओतण्याची उंची, वेग व शेवटची रेघ यांचा सराव त्यावर हवा तितका वेळ करता येतो. फक्त त्यानंतर प्रेसची जाळी सुटी करून स्वच्छ धुवावी, कारण साबणाचा अंश राहिला तर पुढच्या दुधाचा फेस धरत नाही.