तुले समजनं का?

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले. सांजोऱ्यांचा डबा रूमवर आल्याबरोबर पोरींनी संपवला, त्याचं काही नाही. पण मी खोटं बोलले ते डोक्यातून जात नाहीये. खोटं तरी केवढं, एका शब्दाचं. आजीने विचारलं, "तुले समजनं का?" आणि मी म्हटलं, "नही."

गंमत अशी की तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं होतं. समजलं होतं. पूर्ण.

नाहीतर मला कायदा समजत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. बारावीपर्यंत मराठीतून शिकले, आणि पहिल्या वर्षी बेअर अ‍ॅक्ट हातात पडला, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, इंग्रजीत. अर्धं अर्धं पान एकच वाक्य. सुरुवातीला 'नॉटविथस्टँडिंग', मध्ये 'सब्जेक्ट टू', आणि क्रियापद कुठेतरी खाली, विहिरीत बादली पडावी तसं. सर म्हणायचे, आधी क्रियापद शोधा, मग कोणी कोणासाठी काय करायचं ते बघा, अटी कंसात टाका, आणि परंतुक, म्हणजे कलमाखालची 'पण असं असेल तर' वाली अट, वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका. मी पेन्सिलीने कंस टाकत सुटले. माझी पुस्तकं पाहिली तर बालवाडीतल्या पोराने गिरवली असं वाटेल.

घरी त्याहून वाईट. लॉला आहे म्हटल्यावर गल्लीतला प्रत्येक माणूस एक कागद घेऊन येतो. बँकेची नोटीस, विम्याची पॉलिसी, कोणाच्या वाटणीपत्राची झेरॉक्स. मी कागद उलटापालटा करते, 'बघून सांगते' म्हणते, ते समजून जातात. ४२० आता कितवं झालं एवढंच मला पटकन सांगता येतं. ३१८. १ जुलै २०२४ पासून आयपीसीची ५११ कलमं जाऊन न्याय संहितेची ३५८ आली, तेवढ्या भांडवलावर माझी गावातली वकिली चालली आहे. दादा तर लोकांसमोर म्हणतात, आमच्या घरात फौजदारी म्हणजे फक्त डाळ. आमच्याकडे फौजदारी नावाची डाळ करतात. सगळे हसतात. मीही हसते.

असो. आखाजीला आजोबांची घागर भरली. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, डांगराच्या बाजूला दोन आंबे. ते आंबे दरवर्षी त्याच झाडाचे लागतात, बांधावरच्या. आजी स्वतः जाते. या वयात, त्या उन्हात, डोक्याला पदर गुंडाळून. ते झाड असलेलं वावर आता खालच्या गल्लीवाल्यांकडे आहे; ते कधी काही बोलत नाहीत, उलट यंदा त्यांच्या पोराने आकडीने काढून दिले. आजी त्याला म्हणाली, झाडाला पाणी देत जा रे, आमचं आहे ते. तो म्हणाला, हो आजी.

नैवेद्य झाला, जेवणं झाली, रस-पोळीने सगळे आडवे झाले, आणि आजीने पेटीतून रेक्झिनची पिशवी काढली. मला वाटलं नेहमीसारखं, रेशनकार्ड असेल. तिने ते कागद माझ्यापुढे ठेवले. दोन कागद, दोन स्टॅम्प. घड्यांवर फाटत आलेले, एकाला मागून पिठाच्या खळीने पातळ कागद चिकटवलेला. लहानपणापासून मी ऐकत आले, ते वावर गहान शे, इकेल नही. गहाण आहे, विकलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात ठेवलं, मुदत खरेदी केली, पैसे दिले की परत. पण कागद कधी पाहिले नव्हते. मला दाखवण्यासारखी मी झाले असं आजीला यंदा वाटलं असावं.

पहिला कागद खरेदीखत. लिहून घेणार अमुक, लिहून देणार आजोबा, 'कारणे खरेदीखत लिहून देतो की'. तीन एकर, दोन हजार रुपये, चतुःसीमा. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह. ही ओळ मी दोनदा वाचली, किती सुंदर आहे म्हणून. मग 'तरू' वर अडकले. तो आंबा तरूत गेला. खाली आजोबांची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा, शाई पसरलेली. परतीचं अवाक्षर नाही.

परतीचं सगळं दुसऱ्या कागदावर. तारीख तीच. पाच वर्षांच्या आत दोन हजार रुपये रोख दिल्यास सदरहू मिळकत उलट खरेदी करून देईन. साडेतीन ओळी.

आता हे कोणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या बॅगेत तेव्हा कलम ५८ उघडंच होतं. पेपर तोंडावर आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, १८८२, अठ्ठावन्न सी. त्यातल्या 'ऑस्टेन्सिबली' या शब्दापाशी मी दोन दिवस बसून होते. मालक मालमत्ता ऑस्टेन्सिबली विकतो, म्हणजे दिसायला विकतो, आतून ते गहाणच असतं. एवढं समजायला दोन दिवस! समजल्यावर मला आजीच आठवली होती. वाटलं, अरे, हे तर आपलं वावर. आजी बरोबर सांगत होती आणि १८८२ सालापासून कायदाही तेच सांगतोय. मी जवळजवळ फोन लावणार होते. बरं झालं नाही लावला.

कारण खाली परंतुक होतं, ते मी शेवटी वाचायचं म्हणून ठेवलं होतं. १९२९ साली घातलेलं. परतीची अट विक्रीच्या त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. पूर्वी कोर्टात यावरूनच मारामाऱ्या चालायच्या, दोन कागद जोडून गहाण होतं की नाही, म्हणून एकदाचं तोडून टाकलं. १९५४ चा चुनचुन झा विरुद्ध इबादत अलीचा निकालही आम्हाला आहे. त्यातही तेच: दोन वेगळे कागद असले तर गहाण नाही, मग ते एकाच दिवशी केलेले का असेनात. शब्द स्पष्ट असतील तर माणसांच्या मनात काय होतं ते विचारायचं नाही, शब्दांचा परिणाम काय तेवढं बघायचं.

मनात काय होतं ते आजी पन्नास वर्षं सांगतेय.

मी तिला विचारलं, दोन कागद का केले गं? ती म्हणाली, स्टॅम्पवाला म्हणाला असंच करतात. बस. साडेतीन ओळी पहिल्या कागदावर मावल्या असत्या. खाली चांगली चार बोटं जागा कोरी आहे, मी बोट लावून पाहिलं. त्या स्टॅम्पवाल्याला परंतुक ठाऊक होतं की नव्हतं, हे मला झोपेतसुद्धा सुचत राहतं. ठाऊक असेल तर एक राग येतो, नसेल तर दुसराच. आजोबांच्या अंगठ्याबद्दल तर मी विचारच करत नाही.

तर ती विचारत होती, तुले समजनं का. ओट्यावर पाय पसरून, चष्मा माझ्याकडे रोखून. आणि मी नही म्हणाले.

का म्हणाले? तिला वाईट वाटू नये म्हणून, असं मी मंगळवारी गाडीत स्वतःला सांगत होते. अमळनेर स्टेशनवर मंगळग्रह मंदिराची ही गर्दी, मी दाराशी उभी, आणि मनात किती चांगली मी. पण धरणगाव येईपर्यंत ते टिकलं नाही. खरं म्हणजे मला सांगायची भीती वाटली. तीन वर्षं मला काही समजत नाही म्हणून सगळे हसले, आणि पहिली गोष्ट समजली ती ही. त्यापेक्षा न समजणारी बरी होते. निदान निरुपद्रवी होते. मग मुसमुसून रडायला आलं, शेजारच्या मावशींनी खारे शेंगदाणे पुढे केले, नको म्हणायला तोंड उघडलं आणि घेतले.

नंतर हिशोबही करून पाहिला. समजा साडेतीन ओळी पहिल्याच कागदावर असत्या. गहाण ठरलं असतं. मग सोडवायला मुदत कायद्याने तीस वर्षं. १९७७ पासून धरा, २००७. तेव्हा मी तीन वर्षांची. म्हणजे माझ्या हो-नाहीने जगात एक गुंठाही इकडचा तिकडे होत नाही. हे समजल्यावर हलकं वाटायला हवं होतं. जरा वाटलंही. मग वाटलं, मग तर सांगूनच टाकायचं होतं. मग वाटलं, मग कशाला सांगायचं. धरणगाव ते जळगाव हेच.

आणि आंब्यांचं काय, तर तेही आज सापडलं. दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाच्या परवानगीने जाऊन काही करणं, याला लायसन्स म्हणतात. सुविधाधिकाराचा कायदा, कलम ५२, तोही १८८२ चाच. म्हणजे आजी दर आखाजीला लायसन्सी म्हणून आंबे काढते आणि वर मालकाच्या पोराला झाडाला पाणी घालायला सांगते. हे वाचून मी एकटीच हसले. रूममेट म्हणाली, प्रॉपर्टी वाचून हसणारी तू पहिलीच.

मी नही म्हटल्यावर आजी चिडली नाही. कागद तिने पिशवीत घातले आणि पिशवी माझ्याच बॅगेत सरकवली. म्हणाली, "समजी जाई हयूहयू. र्‍हाऊ दे तुनापा." समजेल हळूहळू, राहू दे तुझ्याजवळ. मग मायला आत जाऊन सांगत होती, पाच वर्षांचं शिक्षण आहे, तीनच झालीत, कसं समजेल एवढ्यात? माझी बाजू घेत होती.

पिशवी टेबलावर आहे. पेपर परवा. अपेक्षित प्रश्नांत पहिलाच तो आहे, सशर्त विक्रीने गहाण आणि परतखरेदीच्या अटीने विक्री यांतला फरक, दहा मार्क. सर म्हणतात उदाहरण दिलं तर पेपर तपासणारा खूश होतो. आत्ता सरावाला लिहून काढलं: अ ने १९७२ साली आपली तीन एकर जमीन ब ला विकली. १९७२ खोडलं. तीन एकरही खोडलं. अ ने आपली जमीन ब ला विकली. त्याच दिवशी ब ने वेगळ्या कागदावर लिहून दिलं की पाच वर्षांत पैसे मिळाल्यास जमीन परत करीन. हे गहाण नाही.

सात मार्क तरी मिळावेत.