वजन बरोबर होतं

पार्टीचा, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा, पहिला फोन आला तेव्हा मार्च संपत आला होता, म्हणजे कँडी आइस्क्रीमचा ऐन सीझन. तक्रार एका ओळीची होती: तुमच्या पांढऱ्या फिल्मचं सील सुटतंय. सोबत फोटो, शिवणीपाशी तोंड उघडलेल्या पाकिटांचे. 11 टन माल गेला होता आणि त्यातला निम्मा छापूनही झाला होता.

पाकिटांची प्लास्टिक फिल्म करणाऱ्या कारखान्यात मी क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत, आहे. सील सुटलं म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांचं बोट वरच्या थराकडे जातं. फिल्म तीन थरांची असते, मध्ये जाड गाभा आणि दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मायक्रॉनची साय. पॅकिंग मशीनच्या गरम जबड्यात ही साय मऊ होते आणि सायीला साय चिकटते. तेव्हा दोन दिवस आम्ही सायीच्या दाण्याचे लॉट नंबर काढत बसलो. मार्केटिंगने तर परस्पर पार्टीला लेखी कळवूनही टाकलं की दोष सील-थरात आहे. तपासाआधी निकाल द्यायची ही सवय मला कधीच पटलेली नाही.

तिसऱ्या दिवशी एक परत आलेलं पाकीट घेऊन 25 मिलिमीटरची पट्टी कापली आणि मशीनला न लावता हातानेच सावकाश ओढली. किती ग्रॅमला सुटलं ते मशीन सांगतं, कुठून सुटलं ते आपणच बघायचं असतं. खिडकीशी धरून पाहिलं तर दोन्ही सायी एकमेकींना घट्ट धरून होत्या. फाटला होता गाभा. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो मधूनच सुटला होता आणि दोन्ही फाटलेल्या तोंडांवर बारीक पांढरी लव उभी होती. शिवण शाबूत होती, कापडच विरलं होतं.

इथे या फिल्मबद्दल सांगायलाच हवं, कारण कारखान्यात पाच-पाच वर्षं काढलेल्यांनाही वाटतं की ती पांढऱ्या रंगाने पांढरी होते. जत्रेत रेवडीवाला गुळाचा पाक खुंटीला अडकवून ओढत राहतो आणि तांबूस पाक बघता बघता पांढुरका होतो, तो त्यात शिरलेल्या हवेमुळे. आमचंही तेच आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या गाभ्यात दोन-तीन मायक्रॉनचे खडूचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे कण मिसळलेले असतात. डायच्या फटीतून वितळून आलेला पत्रा चिल रोलवर, म्हणजे थंड रोलरवर, गोठतो तेव्हा अजून दुधट असतो, आरपार अंधुक दिसतं. मग एमडीओत, म्हणजे लांबीच्या दिशेने ताणणाऱ्या रोलरांवर, तो सुमारे पाचपट ओढला जातो. प्लास्टिक ताणलं जातं, खडू ताणला जात नाही, आणि प्रत्येक कणाभोवती प्लास्टिक सुटून पोकळी पडते. पुढे टीडीओच्या भट्टीत क्लिपा कडा धरून आठ-नऊपट आडवं ओढतात, तेव्हा या पोकळ्या मसुराच्या दाण्यासारख्या चपट्या होतात. एकीवर एक अशा थरांनी बसलेल्या या पोकळ्यांत प्रत्येक भिंतीवर प्रकाश वळतो, परततो, आणि मोत्याची झाक येते. कणाभोवती पोकळी पाडून अशी चमकदार अपारदर्शक फिल्म करायची पद्धत 1983 मध्ये मोबिल ऑइलला मिळालेल्या अमेरिकी पेटंटात आहे. तिथे खडूऐवजी दुसऱ्या प्लास्टिकचे गोल कण होते, पण युक्ती हीच. माझ्या मते प्लास्टिकच्या धंद्यातल्या सगळ्यांत सुंदर कल्पनांपैकी ही एक आहे. साध्या पारदर्शक फिल्मची घनता 0.905, आमच्या या मालाची 0.70. एका किलोत पारदर्शक 35 मायक्रॉन फिल्म साधारण साडेएकतीस चौरस मीटर भरते, ही जवळजवळ 41.

पण पोकळी किती हवी, याला हद्द आहे. गाभ्याची ताकद पोकळ्यांमधल्या पातळ पडद्यांत असते आणि ते पडदे आमच्या मालात गरजेपेक्षा बारीक झाले होते.

मग स्लिटरवर, म्हणजे मोठा रोल कापून छोटे रोल करणाऱ्या मशीनवर, गेले. तिथले मामा म्हणाले, "मॅडम, तो माल ना? 4,000 मीटरचा रोल 46 सेंटिमीटरला यायचा, तो साडेसत्तेचाळीसला जात होता. क्रेटमध्ये बसेना. मी शिफ्टला सांगितलं होतं." शिफ्टवाले म्हणाले, गेज बरोबर दाखवत होता.

गेज बरोबरच होता. लाइनवरचा बीटा गेज किरणं आरपार सोडतो आणि किती अडली ते मोजतो. म्हणजे तो वजन मोजतो, चौरस मीटरला किती ग्रॅम. आपण घनता 0.70 भरून ठेवलेली असते, तिने भागून स्क्रीनवर 35 मायक्रॉन लिहून येतं. साडेचोवीस ग्रॅम होतेच, फक्त त्यात हवा जास्त होती. खरी जाडी 38 मायक्रॉनच्या वर गेली होती, घनता 0.64 वर आली होती आणि फिल्मचा एक तृतीयांश भाग पोकळ झाला होता. स्क्रीनवर मात्र सगळी रेघ हिरवी आणि सपाट.

हवा वाढली कशी? एमडीओत ताणायच्या अगदी आधीच्या रोलरच्या आत गरम तेलाचा कोळसा साचला होता. पॅनेलवर 124 अंश दिसायचं, पण ते आत येणाऱ्या तेलाचं तापमान. हातातला थर्मामीटर रोलरच्या पाठीवर टेकवला तेव्हा 116 निघालं. थंड पत्रा ओढला की खडूभोवती प्लास्टिक जास्त फाटतं. लॉगबुकात ताणणाऱ्या रोलरच्या मोटरचे अँपिअर, म्हणजे ओढायला लागणारा जोर, तीन आठवडे चढत होते. दर तासाला कुणीतरी ते लिहीत होतं, वाचत कुणीच नव्हतं. मेन्टेनन्सने रोलर उघडून बघायला त्याआधी दोनदा शटडाऊन मागितला होता. सीझनमध्ये लाइन थांबवायची नाही, असं वरून उत्तर आलं होतं.

आणि तरीही मी रात्री ज्या गोष्टीपाशी अडकते ती यातली एकही नाही. लॅबमध्ये दहा घड्या घालून डायल गेजने जाडी घेतो आम्ही. त्या मालाच्या रजिस्टरात "38" असं माझ्याच अक्षरात आहे. शेजारी शेरा: "यील्ड बरोबर, पास." यील्ड म्हणजे किलोला किती चौरस मीटर. पार्टी चौरस मीटरने हिशेब करते, म्हणून आमच्याकडे वजन जुळलं की माल गेला, असा रिवाज. तो मी घालून दिलेला नाही, पण पाळला मीच. मला ते नमुनेही आठवतात. अपारदर्शकता नेहमीपेक्षा वर होती आणि मी खूश झाले होते. मार्केटिंगला दाखवायला दोन पानं वेगळीसुद्धा काढली होती.

माल परत आला. पांढरा, खडूचा, वर शाई लागलेला. तो दळून पुन्हा पारदर्शक फिल्मला चालत नाही, मिळेल त्या भावात विकावा लागला.

आता फॉर्मवर घनतेसाठी वेगळा रकाना आहे, खालची हद्द 0.68. प्रॉडक्शनचे सर प्रत्येक मीटिंगला म्हणतात की हा रकाना माल अडवतो. अडवायलाच तो आहे, असं मी दोनदा सांगितलं. पॅनेल अजूनही तेलाचंच तापमान दाखवतं, म्हणून शिफ्ट सुरू होताना मी स्वतः थर्मामीटर घेऊन एमडीओपाशी जाते. आज सकाळी त्या रोलरवर 121 होतं.