मधला हात

परवा दुपारच्या बसने निघाले होते. चार तासांचा प्रवास, पण खिडकीची सीट मिळालेली म्हणून खुशीत होते. पाण्याची बाटली समोरच्या जाळीत, पुस्तक मांडीवर, चष्मा पुसून झाला, सगळं जागच्या जागी लागलं आणि डावा हात टेकवायला गेले तर दोन सीटांच्या मधल्या त्या दांड्यावर आधीच एक कोपर विराजमान. आर्मरेस्ट म्हणतात त्याला, मी आपलं मधला हात म्हणते.

कोपर शेजारच्या काकांचं होतं. पांढरा शर्ट, बाही दोनदा दुमडलेली, घडी जराही वाकडी नाही. म्हणजे माणूस भांडकुदळ नव्हता. पण कोपर होतं. आणि मला तो नेहमीचा प्रश्न पडला, जो प्रत्येक प्रवासात पडतो आणि उतरल्या उतरल्या विसरायला होतो, की हा मधला हात नक्की असतो कुणाचा? सीटला नंबर असतो, हाताला नसतो. हिशोब करून बघा, दोन माणसं आणि हात तीन. खिडकीकडचा माझा, वाटेकडचा त्यांचा, आणि तिसऱ्यावरून तिसरं महायुद्ध.

तेवढ्यात समोरच्याने सीट मागे टाकली ती थेट माझ्या गुडघ्यांवर. त्याला काय बोलणार, त्याच्या सीटला बटण दिलंय म्हणजे ते दाबायचा त्याला हक्क आहे, आणि मला गुडघे दिलेत म्हणजे ते कुठेतरी ठेवायचा मला. मागे कुणीतरी मोबाइलवर रील्स बघत होतं, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात, दर दहा सेकंदांनी नवा माणूस नव्याने हसायचा. सगळे आपापल्या पैशाने, आपापल्या तिकिटावर, आपापलं स्वातंत्र्य उपभोगत होते आणि माझं डावं कोपर हवेत लटकत होतं.

डावं मुद्दाम म्हणाले. मी डावखुरी आहे. हे ज्यांना कळेल त्यांना पुढचं सगळं आत्ताच कळलं असेल.

शाळेत, चौथीत असेन, माझ्या डाव्या हाताला एक मुलगी बसायची. तिचं नाव सांगत नाही, ती हे वाचेल. ती उजव्या हाताने लिहायची, मी डाव्या, म्हणजे बेंचच्या बरोबर मधोमध तिचं उजवं कोपर आणि माझं डावं कोपर दर ओळीला एकमेकांवर आपटायचं. तिच्या ‘क’ची शेपटी माझ्या धक्क्याने थेट समासात. माझी शाईची बोटं तिच्या वहीवर. एक दिवस तिने कंपासपेटीतून पट्टी काढली, बेंच मोजला, मलाही मोजायला लावला, आणि दोघींच्या संमतीने मधोमध रेघ मारली. आधी खडूने, पण खडू पुसला जातो, म्हणून मग पेनने, आणि ते पण पुसट झालं तेव्हा कर्कटकाच्या टोकाने. लाकडाचा बारीक पिवळा भुसा निघायचा आणि तो ती फुंकर मारून माझ्या बाजूला उडवायची, इथेच खरं तर मला पुढचं दिसायला हवं होतं. नियम असा की जी वस्तू रेघ ओलांडेल ती समोरचीची. महिनाभरात माझी तीन खोडरबरं, एक पट्टी आणि एक अर्धी पेन्सिल गेली. तिची एकही वस्तू माझ्याकडे आली नाही.

रेघ अगदी बरोबर होती बरं का. एक मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. तरी दर वेळी ओलांडायचे मीच, कारण डावखुऱ्या माणसाला लिहिताना कोपर बाहेर काढावंच लागतं, वही तिरकी होते, आख्खा माणूस तिरका होतो. तिचं कोपरही बाहेर यायचं, पण ती तक्रार आधी करायची. शेवटी प्रकरण बाईंकडे गेलं. बाईंनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, उजव्या हाताने लिहायला शीक.

म्हणजे रेघ तशीच, बेंच तसाच, फक्त हात बदल. मी दोन दिवस प्रयत्न केला. ती दोन पानं अजून आईच्या कपाटात आहेत, भूकंपाच्या यंत्राने काढल्यासारखी. तिसऱ्या दिवशी मी तिरमिरून रडत असताना ही बया पेन्सिल कुरतडत म्हणाली, “तू इकडे बस ना. मी तिकडे बसते.” एवढंच. जागा बदलल्या, माझं डावं कोपर बेंचच्या बाहेर मोकळं, तिचं उजवं पलीकडून बाहेर मोकळं. कोपरं आपटायची थांबली ती कायमची. रेघ मात्र वर्षभर मधे तशीच होती, आम्ही तिच्यात पेन्सिलची टोकं ठेवायचो. खोडरबरं तिने परत दिली नाहीत ते नाहीतच.

पुढे कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं तेव्हा स्वातंत्र्याच्या मर्यादा वगैरे शिकवताना सरांनी ते प्रसिद्ध वाक्य सांगितलं की तुमचा हात फिरवायचा हक्क समोरच्याचं नाक सुरू होतं तिथे संपतो. वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलं, परीक्षेत सगळ्यांनी लिहिलं, आणि ज्याच्या त्याच्या नावावर खपवलं. हे वाक्य म्हणे बऱ्याच थोर लोकांच्या नावावर फिरत असतं. त्याचं गाजलेलं रूप 1919 चं, झकारिया चेफी नावाच्या हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापकाच्या लेखातलं. त्यात गोष्टच आहे, एक माणूस हात फिरवता फिरवता दुसऱ्याच्या नाकावर मारतो, पकडला जातो, आणि न्यायाधीशाला विचारतो, का हो, स्वतंत्र देशात मला हात फिरवायचा हक्क नाही का? मग न्यायाधीश ते नाकाचं सांगतो.

मला तेव्हाही वाटलं होतं आणि अजूनही वाटतं की ही गोष्ट आपल्या भाषेत नीट बसत नाही. कारण मराठीत नाक कुठे एका जागी बसून मार खातं? मराठीत नाक खुपसतात. हात बिचारा आपल्या जागी असतो, नाक चालत येतं. लग्न कधी, नोकरी का सोडली, एकच मूल का, एवढ्या रात्री कुठे निघालीस, हे सगळे नाकाचे उद्योग आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणाला पकडून न्यायाधीशापुढे नेता येत नाही, कारण ते सगळे ‘तुझ्याच भल्यासाठी’ असतात. ठोसा मारणारा निदान असं म्हणत नाही की तुझ्याच भल्यासाठी मारतोय. बरं, काही जण तेही म्हणतात.

या तुझ्या-भल्यासाठीचा बंदोबस्त जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने 1859 मध्येच करून ठेवलाय. त्याचं म्हणणं असं की शहाण्यासुरत्या माणसावर जबरदस्ती करायची तर एकाच कारणासाठी, तो दुसऱ्याचं नुकसान करत असेल तर. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. समजवा, विनवण्या करा, वाद घाला, पण हात धरून ओढू नका. मग त्यानेच पुढे पुलाचं उदाहरण घेतलंय. मोडकळीला आलेल्या पुलावर कुणी पाय टाकतोय आणि सांगायला वेळच नाहीये, तर त्याला धरून मागे ओढलंत तरी चालेल, कारण त्याला पूल ओलांडायचाय, नदीत पडायचं नाहीये. हे मला फार पटलं होतं. पण पुढे अनुभव असा की नाक खुपसणाऱ्या प्रत्येकाला समोरचा माणूस कायम पुलावरच उभा दिसतो. मला माझी धाकटी बहीण गेली वीस वर्षं पुलावर दिसते. फोन ठेवला की मला कळतं, अरे, रस्ता होता, साधा डांबरी रस्ता.

तर मूळ मुद्दा कोपराचा. मी युद्धाची तयारी केली. याच्या युक्त्या ठरलेल्या असतात, आधी दांड्याच्या मागच्या टोकाला एक बोट ठेवायचं, मग बस वळली की त्या वळणाबरोबर मनगट, मग समोरच्याने चष्मा पुसायला हात उचलला की आख्खं कोपर. यात माझा हातखंडा आहे. पण काका चष्मा पुसेनात.

त्यांनी मोबाइल काढला.

इथे एक कबुली द्यायला लागेल. मला लोकांच्या खांद्यावरून वाचायची सवय आहे. वाईट सवय आहे, माहितीये. शेजाऱ्याचा पेपर, समोरच्याचं पुस्तक, बँकेच्या लायनीत पुढच्याचा फॉर्म, अक्षर दिसलं की माझे डोळे तिकडे जातातच. आमच्या घरात हे आजोबांकडून आलंय. आजोबा दुसऱ्याच्या नावाचं पाकीट कधी फोडायचे नाहीत, मरेपर्यंत फोडलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. फक्त ते दारात उभे राहून पाकीट उजेडाला धरायचे. आधी सरळ, मग उलटं, मग जरा चिमटीत दाबून. आणि मग ज्याचं त्याच्या हातात देताना म्हणायचे, “बघ काय लिहिलंय, बहुतेक पुढच्या महिन्यात येतायत.” आत्या चिडायची. “फोडलं का मी? फोडलं का?” एवढंच त्यांचं म्हणणं. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात बाराव्या कलमात घर, कुटुंब आणि खासगी आयुष्याबरोबर पत्रव्यवहाराचंही नाव घेतलंय, त्यात कुणी मनमानी ढवळाढवळ करू नये म्हणून. उजेडाला धरण्याबद्दल काही नाही, हे आजोबांच्या पथ्यावर पडलं असतं.

त्याच्याही आधी, 1890 मध्ये, अमेरिकेतल्या वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी एक लेख लिहिला होता. तेव्हा झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि घराघरातल्या भानगडी छापणारे पेपर यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. माणसाला आपल्या आपण राहू द्यावं, हासुद्धा एक हक्कच, असं त्यांनी मांडलं. त्यांच्या डोक्यात कॅमेरे होते. माझ्यासारखी शेजारीण नसावी.

काकांच्या मोबाइलवर अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली की मागच्या सीटवरूनही वाचता आली असती. म्हणजे मी वाचलं नाही, मला दिसलं. फोडलं का मी? वरच्या मेसेजची शेवटची ओळ होती, ‘या वेळी पण नाही जमणार बाबा’.

काका एका बोटाने टाइप करत होते. ‘दोन दिवस तरी ये’. थांबले. चष्मा वर केला, खाली केला. मग खोडायला लागले, एकेक अक्षर. ते बटण दाबून धरलं की सगळं एकदम जातं हे त्यांना माहीत नसावं. मग लिहिलं, ‘तुझी खोली आवरून ठेवली आहे’. हे जास्त वेळ राहिलं. बस एका वळणावरून गेली, दुसऱ्या वळणावरून गेली, ते तसंच होतं. मग तेही खोडलं, ‘आहे’पासून मागे मागे ‘खोली’पर्यंत, आणि मग ‘तुझी’. पाठवलं असतं तर कोण काय म्हणालं असतं, बापाच्या हक्काचं वाक्य होतं ते.

मिलचीच एक गोष्ट आहे, पुस्तकांपेक्षा मला ती जास्त आवडते. 1851 मध्ये हॅरिएट टेलरशी लग्न ठरलं तेव्हा तिथल्या कायद्याने बायकोच्या मालमत्तेवर, व्यवहारांवर, तिच्यावरसुद्धा सगळा हक्क नवऱ्याचा. तो हक्क कायद्याने सोडायची काही सोयच नव्हती. मग त्याने लग्नाआधी महिना-दीड महिना एक कागद लिहून ठेवला की हे हक्क मला नको असताना मिळतायत, माझा याला विरोध आहे, आणि मी ते कधीही, कुठल्याही परिस्थितीत वापरणार नाही. कोर्टात त्या कागदाला किंमत शून्य. तरी बसून लिहिला. किती वेळा खोडून लिहिला असेल कोण जाणे.

काकांनी शेवटी लिहिलं, ‘बरं. तब्येत सांभाळ.’ मग त्यातलं ‘तब्येत सांभाळ’ पण काढलं. ‘बरं.’ एवढंच पाठवलं, मोबाइल खिशात ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

मला अगदी ओठांवर आलं होतं की काका, ते दुसरं पाठवा ना, खोलीचं. पण ते मी वाचलेलंच नव्हतं.

मधला हात आता रिकामा होता. मघापासून ज्याच्यासाठी टपले होते तो आख्खा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. थोड्या वेळाने काकांच्याच लक्षात आलं, म्हणाले, “तुम्ही ठेवा की हात.” मी म्हटलं, “नको नको, तुम्हीच ठेवा.” ते म्हणाले, “मला काही लागत नाही.” मी परत नको म्हटलं. मग ते वाटेकडे बघत बसले आणि मी खिडकीबाहेर, मागचे रील्स चालूच होते, आणि उतरेपर्यंत दोघांपैकी कुणीच तिथे हात ठेवला नाही.