फॉन्ट बसला, पण 'ल' हिंदीच राहिला

ठाण्यात कोपरीतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या ऑफिसातल्या संगणकावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली टाकली आणि पहिलंच काम आलं ते वार्षिक सभेची सूचना मराठीत काढण्याचं. त्यासाठी फॉन्ट हवे होते. लिनक्सवर फॉन्ट बसवणं दोन मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो बसवलेल्या फॉन्टमधून मराठीची अक्षरं मराठी वळणाने उमटवण्यात, म्हणून त्या भागाबद्दल जास्त लिहितो आहे. कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.

आधी भांडारातले, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत ऑनलाइन सॉफ्टवेअर-साठ्यातले फॉन्ट घेतले. मिंट, उबुंटू, डेबियन या तिन्हींत 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-कोअर' एवढी एक कमांड दिली की नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सेरिफ देवनागरी दोन्ही येतात. टर्मिनल नको असेल तर सिनॅप्टिक या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये याच नावाने शोधा. लोहित देवनागरीसाठी 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज आहे. भांडारातून आलेले फॉन्ट संगणकावरच्या सगळ्या खात्यांना मिळतात आणि अपडेटही आपोआप होतात. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी.

मथळ्यासाठी मुक्ता हा फॉन्ट हवा होता. तो मुंबईच्या 'एक टाइप'चा, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा. त्याचा परवाना ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे तो छपाईत वापरायला आणि पीडीएफमध्ये बसवायला मोकळीक आहे. झिप उघडल्यावर सात टीटीएफ (फॉन्टच्या) फायली निघाल्या, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत. मग होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं. त्याने टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरं दिसतात. त्यातल्या 'डॉट लोकल'मध्ये 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स'. 'फॉन्ट्स' नव्हतं, ते तयार केलं, सगळी अक्षरं छोटी ठेवून. आत 'मुक्ता' नावाचं वेगळं फोल्डर करून सातही फायली त्यात टाकल्या. पुढेमागे फॉन्ट काढायचा झाला तर एक फोल्डर उडवलं की झालं. जुन्या माहितीत होममधल्या 'डॉट फॉन्ट्स' फोल्डरचा उल्लेख सापडतो. ती पद्धत आता मागे पडली आहे, नव्याने ती धरू नका.

त्यानंतर संगणकाची फॉन्टची नोंद नव्याने करणारं 'एफसी-कॅश -एफ -व्ही' चालवलं. या कमांडचं उत्तर वाचायची सवय लावून घ्या. माझ्या 'मुक्ता' फोल्डरच्या ओळीत शेवटी '७ फॉन्ट्स, ० डर्स' (डर्स म्हणजे आतली फोल्डरं) आलं आणि तळाला 'सक्सीडेड'. तिथे '० फॉन्ट्स, १ डर्स' दिसलं तर फायली आणखी एका फोल्डरच्या आत आहेत, मग त्या फोल्डरची ओळ पाहायची. फोल्डराची ओळच आली नाही तर ते भलत्या जागी आहे. मॅकवर बनवलेल्या झिपमध्ये 'मॅकओएसएक्स' नावाचं जादा फोल्डर असतं. त्यातल्या टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या अगदी लहान फायली म्हणजे फॉन्ट नव्हेत, त्या टाकून द्या. वॉफ आणि वॉफ२ फायली संकेतस्थळांसाठी असतात. ऑफिसच्या कामाला टीटीएफ किंवा ओटीएफच घ्या. एकाच झिपमध्ये 'व्हेरिएबल' फाइल आणि 'स्टॅटिक' फोल्डर दोन्ही असतील तर एकच निवडा. दोन्ही टाकले की यादीत एकाच नावाचे तुकडे दिसतात आणि बोल्ड कुठला लागला ते कळत नाही. मी स्टॅटिक घेतो, कारण लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचाच्या ७.५ च्या आधीच्या आवृत्त्या व्हेरिएबल फॉन्ट पीडीएफमध्ये नीट उतरवत नाहीत.

फॉन्ट सगळ्या खात्यांसाठी हवा असेल तर जागा 'यूएसआर, लोकल, शेअर, फॉन्ट्स' ही. तिथे सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, कॉपी करावं लागतं आणि परवानग्या तपासाव्या लागतात: फोल्डर ७५५, फायली ६४४, म्हणजे वाचायला सगळ्यांना मोकळ्या. फाइल ६०० राहिली तर ती ज्याच्या नावावर आहे त्यालाच वाचता येते, बाकीच्यांच्या यादीत फॉन्ट येत नाही.

लिबरऑफिसचा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, रायटर, चालूच होता. तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडला तेव्हा मुक्ता यादीत आला. रेग्युलर आणि बोल्ड एका नावाखाली असतात, मीडियम किंवा एक्स्ट्राबोल्ड वेगळ्या नावांनी. एक्स्ट्राबोल्ड निवडून वर आणखी 'बी' दाबू नका. त्याने अक्षर कृत्रिमपणे फुगतं, आणि झेरॉक्स काढली की 'क्ष', 'द्ध', 'ष्ठ'मधल्या फटी बुजतात.

फॉन्ट तपासायला मी एकच ओळ वापरतो: 'येऊरच्या दऱ्याखोऱ्यांतून आलेल्या खाऱ्या वाऱ्यावर ॲप, ऑफिस, लक्ष्मी, श्री, ज्ञान, शुद्ध, निष्ठा.' या ओळीत मराठीची बहुतेक अवघड ठिकाणं येतात. 'ऱ्य'मधला अर्धा र आडव्या, पापणीसारख्या वळणाने यायला हवा. तिथे य वर रफार दिसला तर 'दर्या' टाइप झालं आहे, तो दोष कळफलकाचा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, म्हणून तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून येतं आणि जाडीला वेगळं दिसतं, किंवा चौकोन उमटतो. चौकोन म्हणजे त्या अक्षराचं चित्र कुठल्याच फॉन्टात सापडलं नाही. ठिपक्यांचं वर्तुळ म्हणजे मात्रा किंवा वेलांटी चुकीच्या क्रमाने टाइप झाली, तिथे फॉन्ट बदलून उपयोग नाही. आणि जोडाक्षराऐवजी पाय मोडलेला हलन्त दिसला तर त्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर बनवण्याची सोय नाही.

आता मुख्य अडचण. नोटोमध्ये ओळ व्यवस्थित आली, पण 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. मराठी ल पाकळ्यांचा, त्याला उजवीकडे उभा दंड नसतो, श देठाचा. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करतानाही हीच रूपं धरली. फॉन्ट बदलण्याआधी कारण पाहा. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही रूपं आहेत, आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदलेली असेल तरच तो मराठी रूप देतो. लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी वेगळा खण असतो, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट', आणि त्याची मूळ भाषा बहुधा हिंदी असते. मजकूर मराठी, पण फाइलच्या पोटात खूण हिंदीची.

उपाय असा: टूल्स, ऑप्शन्स, मग भाषेच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करून तिथे मराठी निवडायचं. आधीपासून बनलेल्या फायलींत हिंदीची खूण शैलीतच अडकलेली असते. तिथे एफ ११ दाबून 'डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल' उघडावी आणि फॉन्टच्या पानावर सीटीएलच्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या) भागात फॉन्ट व भाषा दोन्ही बदलावेत. वरच्या, पाश्चात्त्य अक्षरांच्या भागात कितीही फॉन्ट बदलला तरी देवनागरी जागची हलत नाही. इथे पुष्कळजण अडकतात. मी भाषा बदलली आणि पडद्यावर 'लक्ष्मी'च्या ल चा दंड गेला, पाकळ्या आल्या.

फायरफॉक्समध्येही हेच तत्त्व. पानाने स्वतःची भाषा मराठी सांगितली असेल तर मराठी ल, हिंदी सांगितली असेल तर हिंदी. फॉन्ट ठरवायला सेटिंग्जमधल्या फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये देवनागरीचा वेगळा पर्याय आहे.

बाहेरून आलेल्या फायलींचे दोन प्रकार सांभाळावे लागतात. एक, मंगलमध्ये बनलेल्या. मंगल हा विंडोजचा फॉन्ट, तो इथे नसतो; रायटर त्याचं नाव तिरक्या अक्षरांत दाखवतो आणि दुसरा फॉन्ट लावतो. मजकूर शाबूत असतो, फक्त ओळी-पानं सरकतात. 'ऑप्शन्स'मध्ये फॉन्टच्या तक्त्यात मंगलच्या जागी नोटो सान्स देवनागरी नोंदवून ठेवलं की दर वेळी बदलावं लागत नाही. दोन, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायली. त्या उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण आत खरोखरच रोमन अक्षरं साठवलेली असतात. तो जुना फॉन्ट मिळवून बसवला तर मजकूर दिसेल, पण शोधता येणार नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, आणि त्यानंतर ऱ्य, रफार व पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच राहतात.

सूचनेचा मजकूर १४ पॉइंट, ओळींतलं अंतर 'प्रपोर्शनल' १२० टक्के ठेवलं. 'फिक्स्ड' १४ पॉइंट ठेवलं तर वरच्या मात्रा आणि रफार कापले जातात.

छपाई नौपाड्यातल्या दुकानात करायची होती. त्यांच्या संगणकावर आपले फॉन्ट असतील अशी अपेक्षाच ठेवू नये, म्हणून फाइल पीडीएफ करून नेली. नेण्याआधी 'पीडीएफफॉन्ट्स' ही कमांड त्या फाइलवर चालवली. ती 'पॉपलर-युटिल्स' पॅकेजमध्ये येते. उत्तरात मुक्ता आणि नोटोच्या नावांआधी सहा मोठी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह होतं, म्हणजे फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरं घेतली होती, आणि 'एम्ब'च्या रकान्यात दोन्हीकडे 'यस'. तिथे 'नो' असतं तर दुकानातल्या संगणकाने स्वतःचा फॉन्ट लावला असता. मग पेन ड्राइव्हवर फक्त पीडीएफ घेतली, ओडीटी, म्हणजे रायटरची मूळ फाइल ऑफिसातच ठेवली.