तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांची दानत आटली का?

"सर, पूर्वी फेरी काढली की चादर भरायची. आता दारात उभं केलं जात नाही. लोकांची दानत आटली का?" अमळनेरच्या बाजारात तीसेक वर्षं मदतफेऱ्यांत फिरलोय, म्हणून हे मला हमखास विचारलं जातं.

नाही आटली. मी दोन्ही काळ पाहिलेत.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारीला भूकंप झाला. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं चादरीचे कोपरे धरून निघालो. तुम्ही कोण, कुणाचे, कुणी विचारलं नाही. मेथीच्या जुड्या विकणाऱ्या एका आजींनी कमरेची पिशवी सोडली, परतीच्या एस.टी.पुरते पैसे बाजूला काढले आणि उरलेली चिल्लर चादरीत ओतली. काही गणेश मंडळांनी वर्गणीतली शिल्लक आणून दिली. २००१ ला भुजच्या वेळीही असंच झालं.

मग बिघडलं कुठे? मला विचाराल तर हिशेबात. एका संस्थेसाठी आम्ही पावतीपुस्तकं घेऊन गल्लोगल्ली फिरलो. पैसे पाठवले, पुढे काहीच कळलं नाही. दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी त्याच पायऱ्या चढलो तेव्हा एका किराणा दुकानदाराने शांतपणे विचारलं, "भाऊ, मागना पैसा कथा ग्यात?" म्हणजे मागचे पैसे कुठे गेले? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती पायरी उतरताना फार जड गेलं.

त्यात आता मोबाइलवर रोज कुणाचं तरी आवाहन येतं. आजारी मूल, खाली क्यूआर कोड. खरं कोणतं, खोटं कोणतं, माणसाला कळत नाही, मग तो सगळंच सरकवतो. कंपनी कायद्यात २०१३ ला सीएसआर, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकामावर खर्च करण्याचं बंधन, आल्यापासून "कंपनीकडून घ्या ना" हेही ऐकतो. पण दोन टक्क्यांचं ते बंधन मोठ्या कंपन्यांना आहे, आणि आमच्या गल्लीतल्या आजारी माणसापर्यंत तो पैसा पोचताना मी तरी पाहिलेला नाही.

तरी याच खान्देशात, धुळे जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. कापसाच्या भावाने रडकुंडीला आलेल्या गावांनीही पैसे काढले, कारण पडदा आपल्याच पोरांच्या वर्गात लागताना दिसत होता.

गेल्या वर्षी एका मुलीच्या ऑपरेशनसाठी आम्ही पुन्हा फिरलो. या वेळी दवाखान्याच्या बिलाची झेरॉक्स, जमा-खर्चाचा कागद आणि उरलेल्या रकमेचं काय केलं ते लिहून प्रत्येक दुकानात परत गेलो. मागे मला प्रश्न विचारणाऱ्या त्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला थांबवलं, चष्मा लावला, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून गल्ल्यात ठेवला.